सेमरकोन्याचा कच्चा दगड

१९४० सालची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. जबलपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं आणि राजधानी होती नागपूर. त्या महिन्यात सगळ्या प्रांताचं लक्ष पवनारकडे होतं. १७ ऑक्टोबरला विनोबांनी तिथे वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली आणि चार दिवसांत त्यांना अटक झाली. त्यानंतरच्या शनिवारी, २६ तारखेला, लक्ष्मीपूजनाला चार दिवस उरले असताना, जबलपूरच्या दक्षिणेला सातपुड्याच्या मुलखात सेमरकोना नावाच्या गावी आकाशातून दगड पडला. एकूण वजन ६९१ ग्रॅम. भाजीवाल्याच्या तराजूत टाकला तर पाऊण किलोलाही कमीच भरेल.

सेमर म्हणजे आपली काटेसावर. गावाच्या नावात ती ऐकू येते. आज ह्यूस्टन, पॅरिस, तोक्यो अशा कुठल्याही गावच्या अशनी-प्रयोगशाळेत ‘सेमरकोना’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. जबलपुरात मात्र मी दोन दिवसांत जेवढ्यांना विचारलं, त्यातल्या एकालाही हे नाव माहीत नव्हतं. या लेखाचं कारण तेच आहे. जीवसृष्टीला लागणारं रासायनिक सामान पृथ्वीवर तयार झालं की पृथ्वी होण्याआधीच अवकाशात तयार होऊ लागलं होतं, या प्रश्नाची फार मोलाची साक्ष याच दगडाने दिली आहे. आणि तो आपल्या शेजारच्या मुलखातला आहे. १९५६ पर्यंत तर तो मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते.

नागपूरहून मी रस्त्याने निघालो. पेंचचं जंगल, सिवनी, लखनादौन, मग बरगी. दुतर्फा काळ्या दगडाची जमीन, मध्येच साग, मध्येच नुकती सोयाबीन काढलेली शेतं. जबलपुरात नेपियर टाउनमध्ये माझी आत्या राहते. आमच्या घराण्यातली ही शाखा प्रांताची राजधानी नागपूर असताना नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेली आणि तिथलीच झाली. घरात मराठी बोलली जाते, पण तिच्यावर नर्मदेचं पाणी चढलेलं. मी पोचलो तेव्हा आत्या दिवाळीच्या चिवड्याच्या तयारीत होती.

“दगड बघायला आलास?” तिने विचारलं. “भेडाघाट काय कमी आहे काय?”

मी म्हटलं, “आत्या, तो दगड इथे नाहीच. पण तो तुझ्या चिवड्यासारखा आहे.”

हे मी तिला खूश करायला म्हटलं नव्हतं. चिवड्यात पोहे, दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, कढीलिंब हे सगळं एकत्र असतं, पण वेगळं ओळखू येतं. हेच सगळं पाणी घालून तासभर रटरट शिजवलं तर एकजीव गोळा होईल आणि आत काय होतं ते खाणाऱ्याला सांगता येणार नाही. अशनींचंही तसंच असतं. सूर्याभोवती धुळीची आणि वायूची तबकडी फिरत होती, त्या काळात, म्हणजे सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, वितळलेल्या खनिजाचे मोहरीएवढे, बाजरीएवढे थेंब थिजून गोळ्या झाल्या. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. या गोळ्या आणि त्यांच्यामधली बारीक धूळ चिकटत चिकटत छोटे ग्रह तयार झाले. त्या ग्रहांच्या पोटात अॅल्युमिनियमचा एक किरणोत्सारी भाऊबंद होता, अॅल्युमिनियम-२६. सुमारे सात लाख वर्षांत तो निम्मा होतो आणि होताना उष्णता देतो. या उष्णतेने बहुतेक छोटे ग्रह आतून शिजले. सगळी खनिजं एकमेकांशी देवघेव करून सारखी झाली. धुळीतल्या नाजूक सेंद्रिय पदार्थांची तर वाटच लागली.

नागपूरकरांना काटोलची उल्का आठवत असेल. २२ मे २०१२ च्या भर दुपारी काटोल भागात दगडांचा वर्षाव झाला. ती अशनी सहाव्या वर्गातली, म्हणजे चांगली शिजलेली. तिचं महत्त्व वेगळं आहे. टकरींच्या दाबाने तयार झालेलं, पृथ्वीच्या खोल पोटात असतं तसं ब्रिजमनाइट हे खनिज तिच्यात सापडलं. पण जन्मवेळची आठवण तिच्यापाशी उरलेली नाही. तिसऱ्या वर्गातले दगड कमी शिजलेले. त्यातही बारकावे सांगायला शास्त्रज्ञांनी दशांश लावले आणि दशांश पुरेनात म्हणून शतांश लावले. २००५ साली जेफ्री ग्रॉसमन आणि एड्रियन ब्रिअर्ली यांनी ऑलिव्हिन नावाच्या खनिजातलं क्रोमियम मोजून नवी पट्टी तयार केली, कारण किंचित ऊब लागली तरी क्रोमियम जागा सोडू लागतं. त्या पट्टीवरचा शून्याचा दगड, ३.००, म्हणजे सेमरकोना. साध्या कॉन्ड्राइटांमधला, म्हणजे कॉन्ड्रूलांनी भरलेल्या नेहमीच्या अशनींमधला, तो सर्वांत कच्चा. त्याच्या मागोमाग ज्यांची नावं निघतात त्यांतही बिशुनपूर (१८९५) आणि चैनपूर (१९०७) हे उत्तर प्रदेशातले दगड आहेत. कमी शिजलेल्या दगडांच्या यादीत उत्तर आणि मध्य भारतातली गावं अशी एकापाठोपाठ यावीत, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेडाघाटला गेलो. पावसाळ्यात बंद असलेल्या नावा नुकत्या सुरू झाल्या होत्या. पंचवटी घाटावरून नाव सुटते आणि नावाडी यमक जुळवत दोन्ही काठांच्या कड्यांची ओळख करून देऊ लागतो. हे कडे संगमरवराचे, म्हणजे डोलोमाइटचे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्याशी बांधला गेलेला कार्बन. अब्जाहून जास्त वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेला गाळ पुढे दाबाने आणि तापाने संगमरवर झाला. माझ्या मनात आलं ते एवढंच, की या पांढऱ्या भिंतींत कोंडलेला कार्बन, नर्मदेतल्या माशांमधला कार्बन आणि नावाड्याच्या तोंडून निघणाऱ्या श्वासातला कार्बन, हा सगळा एकाच घरचा. सूर्याच्या आधी जळून विझलेल्या ताऱ्यांच्या पोटात तो तयार झाला. त्याबद्दल कुणाला शंका नाही. शंका असते ती पुढच्या पायरीबद्दल. सुटा कार्बन म्हणजे जीवन नव्हे. त्याला हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांची सोबत जुळून रेणू व्हावे लागतात. ही जुळणी कुठे होते?

बरीच वर्षं उत्तर असं होतं की अवकाशात ती होणारच नाही. तिथे एवढी पोकळी आणि एवढी थंडी की दोन अणू भेटायचे कसे? १९३७ पासून ताऱ्यांच्या प्रकाशात दोन अणूंचे साधे रेणू दिसू लागले होते, पण त्यांचं कुणाला फार वाटलं नाही. १९६८ साली आकाशगंगेत अमोनिया सापडला, १९६९ साली फॉर्माल्डिहाइड, मग कार्बन मोनॉक्साइड, मिथेनॉल. आज अशा रेणूंची संख्या तीनशेच्या पुढे आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळ धनू राशीत ‘सॅजिटेरियस बी-२’ नावाचा ढग आहे, त्यातच यातले कितीतरी सापडले. साखरेच्या कुळातला सर्वांत लहान सदस्य ग्लायकोलाल्डिहाइड तिथलाच.

हे घडतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे थंडी आडवी येत नाही, उलट कामाला येते. दाट ढगाच्या पोटात ताऱ्यांचा प्रकाश पोचत नाही. तापमान शून्याखाली २६३ अंश. तिथे सिगरेटच्या धुराच्या कणाहून लहान धूलिकण तरंगत असतात. थंडीमुळे वायू त्यांच्यावर गोठतात. पाणी, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मिथेन यांचा पातळ बर्फ चढतो. एवढ्या थंडीत जड रेणू जागेवरून हलत नाहीत. हलतो फक्त हायड्रोजनचा अणू, सगळ्यांत हलका. तो बर्फावर भटकत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइडला गाठतो. रासायनिक अडसर पार करायला लागणारी ऊर्जा त्याच्यापाशी नसते, पण अणूंच्या जगात तो अडसरातून बोगदा काढल्यासारखा पलीकडे जाऊ शकतो. एक हायड्रोजन जोडला, दुसरा जोडला, फॉर्माल्डिहाइड झालं. आणखी दोन जोडले, मिथेनॉल झालं. २००२ साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठात वातानाबे आणि कोउची यांनी हे प्रयोगशाळेत करून दाखवलं.

पुढे ढगात तारा जन्माला येतो. त्याचे अतिनील किरण आणि अवकाशातून सतत येणारे विश्वकिरण त्या बर्फात घुसतात आणि रेणूंचे तुकडे करतात. तुकडे बर्फात अडकून राहतात, आणि किंचित ऊब लागली की शेजारी सापडेल त्याला धरतात. त्याच २००२ साली नासाच्या एम्स केंद्रातल्या आणि युरोपातल्या दोन स्वतंत्र गटांनी पाणी, मिथेनॉल, अमोनिया वगैरेंचा असा बर्फ गोठवला, त्यावर अतिनील प्रकाश टाकला आणि उरलेल्या चिकट साक्यावर आम्लाची प्रक्रिया केली. प्रथिनं ज्यांची बनतात ती अॅमिनो आम्लं मिळाली. युरोपी गटाला तर सोळा मिळाली. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही असे खगोलीय बर्फ तयार करून त्यांचं काय होतं ते पाहिलं जातं.

अर्थात प्रयोगशाळेत झालं म्हणून ढगात झालंच असं म्हणता येत नाही. साक्षीदार हवा. पण सूर्य ज्यातून जन्मला तो ढग तर साडेचार अब्ज वर्षांपूर्वी संपला.

सेमरकोना इथे बोलू लागतो. या दगडातल्या कॉन्ड्रूलांच्या मधल्या बारीक धुळीत १९८७ साली रॉबर्ट हचिसन आणि सहकाऱ्यांना स्मेक्टाइट ही चिकणमाती सापडली. साध्या कॉन्ड्राइटात चिकणमाती सापडण्याची ती पहिली वेळ. कॅल्साइटही सापडलं. चिकणमाती पाण्याशिवाय होत नाही. म्हणजे ज्या छोट्या ग्रहाचा हा तुकडा आहे त्यावर बर्फ होता, तो वितळला होता, आणि ते पाणी काही काळ दगडात झिरपत होतं. मग १९९५ साली एतिएन दलूल आणि फ्रांस्वा रोबेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या चिकणमातीतला हायड्रोजन मोजला.

हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्यूटेरियम. पृथ्वीच्या समुद्रात दहा लाख हायड्रोजन अणूंमागे त्याचे सुमारे १५६ अणू असतात. सेमरकोन्याच्या मातीत काही ठिकाणी ते प्रमाण ७३० पर्यंत गेलं, चौपटीहून जास्त. ड्यूटेरियम असा साचतो तो कडाक्याच्या थंडीत. शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपास रासायनिक क्रिया जड भावाला रेणूत धरून ठेवतात आणि हलक्याला सोडतात. ऊब असती तर हा पक्षपात झाला नसता. म्हणून दलूल आणि रोबेर यांनी अर्थ लावला तो असा: हे पाणी सूर्याच्या तबकडीत नव्याने तयार झालेलं नाही, ते त्या आधीच्या काळोख्या ढगातलं आहे.

यावर वाद आहे, आणि तो वाचकांपासून लपवू नये. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की छोट्या ग्रहावर पाण्याने लोखंडाला गंज चढवला, त्यात हलका हायड्रोजन वायू होऊन निसटला आणि मागे जड पाणी उरलं. कुठला वाटा किती, हे अजून मोजलं जातं आहे. पण याच दगडातल्या सेंद्रिय पदार्थातही ड्यूटेरियम फार मोठ्या प्रमाणात आहे, आणि त्याच्या धुळीत सूर्याच्या आधीच्या ताऱ्यांभोवती तयार झालेले कण, सिलिकॉन कार्बाइड आणि हिऱ्यांची भुकटी, जसेच्या तसे आहेत. एवढं सामान आधीच्या पिढीचं असेल, तर थंडीची ही खूणही तिकडचीच आहे, असं मला वाटतं.

हा दगड आणखीही एक गोष्ट जपून होता. २०१४ साली एमआयटीतल्या रॉजर फू आणि बेंजामिन वाइस यांनी त्याच्या कॉन्ड्रूलांतल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांची चुंबकदिशा वाचली. गोळ्या थिजत असताना सूर्याभोवतीच्या तबकडीत किती चुंबकक्षेत्र होतं, याची ती नोंद होती: सुमारे ५४ मायक्रोटेस्ला. आज पृथ्वीच्या पाठीवर होकायंत्र वळवणारं क्षेत्र याच घरातलं आहे. ग्रह अजून जन्मालाच आले नव्हते तेव्हाची ही नोंद आहे, आणि ती काढली गेली या ६९१ ग्रॅमच्या दगडाच्या चिमूटभर भागातून.

सेमरकोना साक्ष देतो ती कच्च्या सामानाची. पक्वान्नाची साक्ष देणारे दगड दुसरे आहेत. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी कोळशासारखी काळी अशनी पडली. तिच्यातली अॅमिनो आम्लं ओळखणाऱ्या गटात सिरिल पोन्नम्पेरुमा होते, मूळचे श्रीलंकेतल्या गालचे. मद्रास विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकले आणि मग रसायनशास्त्राकडे वळले. मर्चिसनमध्ये आतापर्यंत सत्तरहून अधिक अॅमिनो आम्लं मिळाली आहेत, आणि त्यातली कितीतरी पृथ्वीवरचा कुठलाही जीव वापरत नाही. ती हाताळणाऱ्यांच्या बोटांवरून आली असं म्हणायला म्हणूनच जागा उरत नाही. बनण्याची रीतही बरीचशी कळली आहे: अल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड पाण्यात एकत्र आले की अॅमिनो आम्ल होतं. ढगाने पहिलं सामान दिलं, छोट्या ग्रहाच्या पोटातल्या उबेने बर्फाचं पाणी केलं. सेमरकोन्याच्या चिकणमातीत जी ओल दिसते, तसल्याच ओलीत हे झालं. म्हणजे जी उष्णता जास्त झाली तर सगळं नासवते, तीच बेताची असली तर कामाची ठरते. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली. चिवड्याच्या पोह्यांना आच किती द्यायची, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

अगदी अलीकडचा पुरावा पृथ्वीवर पडलेल्या दगडाचा नाही. तिकडे जाऊन आणलेल्या मातीचा आहे. बेन्नू या लघुग्रहावरची १२१.६ ग्रॅम माती नासाच्या यानाने २४ सप्टेंबर २०२३ ला पृथ्वीवर उतरवली. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले: जीवसृष्टी वापरते त्या वीस अॅमिनो आम्लांपैकी चौदा तिच्यात आहेत, आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं आहेत. खारं पाणी आटत गेल्यावर मिठागरात उरतात तसे क्षारही आहेत. एक कोडं मात्र तसंच राहिलं. अॅमिनो आम्लं डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपांत असतात. जीवसृष्टी डावीच वापरते. बेन्नूवर दोन्ही जवळपास सारखी निघाली.

मराठी वाचकाला या विषयात एक नाव आपोआप आठवतं, जयंत नारळीकरांचं. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे सामान नव्हे, जीवच अवकाशातून येतो असं मानत. नारळीकरांनी त्या म्हणण्यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते तपासायचं ठरवलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रावरून फुगे सोडले गेले. २० एप्रिल २००५ च्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोठवून आणली. नमुने हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे तपासले गेले. पुण्याच्या बाजूने योगेश शौचे होते. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव दिलं गेलं. २००९ साली हे जाहीर करताना, यावरून जीव बाहेरून आल्याचं सिद्ध होत नाही, असंही तेव्हाच स्पष्ट केलं गेलं. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. मला त्या प्रयोगातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की मनाजोगतं उत्तर हाताशी आल्यासारखं दिसत असतानाही त्यांनी पुराव्याच्या पुढे एक शब्द टाकला नाही.

परतण्याआधी बडा सिमला टेकडीवर गेलो, जबलपूरच्याच आणखी एका दूर गेलेल्या गोष्टीच्या मागावर. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपुरातच मोठी हाडं सापडली. भारतातला सापडलेला पहिला डायनोसॉर तो. १८७७ साली जीवाश्मांचे अभ्यासक लायडेकर यांनी त्याचं नाव ठेवलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. पुढे ती हाडं कुठे गेली ते कुणालाच कळेना. २०१२ साली धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना ती कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात परत सापडली. जबलपूरच्या मातीतून निघालेल्या गोष्टी दूर जातात आणि त्यांची नाळ तुटते, हे नवीन नाही. सेमरकोन्याचे कागदाहून पातळ काप वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. जगभरचे विद्यार्थी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जबलपूरच्या शाळेतल्या मुलाने पाठ्यपुस्तकात हे नाव वाचावं, असं मला फार मनापासून वाटतं.

“मग तो उचलला कुणी?” निघताना आत्याने डबा हातात देत विचारलं.

लखनादौनच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता. टपरीच्या मागे शेत, शेताच्या बांधावर काळ्या दगडांची रास. हा दख्खन ट्रॅपचा, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडाचा मुलूख. आकाशातून येताना अशनीची पाठ जळून काळी होते. असा एक दगड या राशीत पडला तर दुसऱ्या दिवशी तो कुणालाही ओळखू येणार नाही आणि चार पावसाळ्यांत त्याचा गंज होईल. २६ ऑक्टोबर १९४० ला सेमरकोन्यात मात्र कुणीतरी वर पाहिलं असणार, दगड पडला ती जागा मनात धरली असणार, तिथवर चालत जाऊन तो उचलला असणार, आणि घरात न ठेवता पुढे दिला असणार.